किल्ली आणि मालमोटार

चालकाने किल्ली फिरविली आणि मालमोटार सुरू झाली, हे वाक्य आज इतके साधे वाटते की त्यात काही सांगण्याजोगे आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. परंतु ह्या एका वाक्यात निदान पाच निरनिराळी कामे दडलेली आहेत. इंजिनाला ठिणगी मिळाली पाहिजे, इंधन मिळाले पाहिजे, पहिले एकदोन फेरे ते कुणीतरी फिरविले पाहिजे, आणि काम संपल्यावर ते थांबविताही आले पाहिजे. शिवाय ज्याची गाडी त्यानेच, किंवा त्याने नेमलेल्या माणसानेच हे सारे करावे, अशी काही तजवीज हवी. मोटारीच्या पहिल्या पन्नास वर्षांत ही पाच कामे पाच ठिकाणी वाटून दिलेली होती. काही हाताकडे, काही पायाकडे, काही एखाद्या तारेकडे. किल्लीकडे मात्र पुष्कळदा त्यांतले एकही नसे. ती सगळी एका किल्लीत कशी गोळा झाली, ह्याची हकीकत जुन्या मालमोटारींच्या संगतीनेच चांगली समजते. कारण सुखसोयी आधी सुखवस्तू लोकांच्या मोटारींत येतात. मालमोटारीत त्या उशिरा येतात, आणि त्याही मालकाने खर्चाची घासाघीस केल्यावर. त्यामुळे जुनी मालमोटार ही मागे पडलेल्या यंत्रविद्येचे चालतेबोलते संग्रहालय असते.

सुरुवात हातापासून झाली. १९०८ साली अमेरिकेत हेन्री फोर्डने 'मॉडेल टी' ही मोटार बाजारात आणली. १९२७ पर्यंत ह्या जातीच्या दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या, आणि तिच्याच इंजिनावर १९१७ साली 'टीटी' नावाची एक टन ओझ्याची मालमोटार तयार झाली. ही गाडी सुरू करणे म्हणजे एक लहानसा विधीच होता. स्टिअरिंगच्या चाकाखाली दोन दांड्या असत. डावी ठिणगीची वेळ ठरविणारी, उजवी इंधनाची. डावी दांडी वर सारून ठिणगी उशिरा पडेल अशी व्यवस्था करावयाची, उजवी किंचित खाली ओढावयाची आणि हातब्रेक घट्ट लावावयाचा. मग गाडीच्या पुढे जाऊन रेडिएटरपाशी डोकावणारी तार ओढून हवा कोंडावयाची आणि इंजिनाला एकदोन मंद फेरे द्यावयाचे, म्हणजे पेट्रोलची वाफ आत ओढली जाई. त्यानंतर परत आत येऊन स्विच फिरवावयाचा. स्विच फिरताच समोरच्या लाकडी पेटीतील वेटोळी मधमाश्यांसारखी गुणगुणू लागत. मग पुन्हा पुढे, आणि हँडलला एक झटका.

ह्यात डावी दांडी वर सारावयाचे राहून गेले तर परिणाम वाईट होत असे. दट्ट्या वरच्या टोकाला पोचण्याच्या आधीच सिलिंडरात भडका उडे, इंजिन उलट्या दिशेने उसळे आणि हँडल धरणाऱ्याच्या मनगटाचे हाड मोडून जाई. म्हणून हँडल डाव्या हाताने, खालून वर खेचावे, वरून खाली दाबू नये, आणि अंगठा पलीकडून न वळविता बोटांच्याच बाजूला ठेवावा, असा शिरस्ता पडला. हा शिरस्ता पुढे देशोदेशीच्या गॅरेजांत पसरला. भारतातही फिटरच्या हाताखाली आलेल्या पोराला पहिला धडा अंगठ्याचाच मिळे. यंत्राशी माणसाचा संबंध त्या काळी इतका अंगाचा होता की चूक झाली तर तिची पावती लगेच अंगावरच मिळे.

ह्या गाडीतील स्विच काय करीत असे? तो केवळ ठिणगीचा मार्ग निवडत असे. त्याला तीन जागा होत्या: बंद, बॅटरी आणि मॅग्नेटो. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाच्या फिरण्याने स्वतःची वीज स्वतःच निर्माण करणारे यंत्र. फोर्डने ते इंजिनाच्या जड चाकावरच लोहचुंबक बसवून साधले होते. गाडी बॅटरीवर सुरू करावी आणि इंजिनाने वेग घेतला की स्विच मॅग्नेटोवर न्यावा, अशी पद्धत होती. ह्या स्विचाच्या किल्लीला कुलपाची किल्ली म्हणणे जरा धाडसाचेच ठरेल. पुढे विजेचा स्टार्टर बसलेल्या गाड्या निघू लागल्यावरदेखील फोर्डच्या किल्ल्यांचे अवघे चोवीस नमुने होते, आणि त्यांवर ५१ पासून ७४ पर्यंतचे आकडे असत. रस्त्याने लाखो गाड्या धावत असताना चोवीस किल्ल्या! चोराला फार हुशारीची गरज नव्हती. खिशात थोडे वजन वागविण्याची तयारी असली की पुरे.

मॅग्नेटोचा विचार येथे थोडा अधिक करावयास हवा, कारण जुन्या मालमोटारींचा तो खरा सोबती होता. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड ह्या तंत्रज्ञाने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. ह्याला बॅटरी लागत नसे. खडबडीत रस्त्यावर लाकडी पेटीतल्या बॅटरीची जी दशा होई ती पाहता मालमोटारीला हे फार सोयीचे होते. अमेरिकेतील मॅक कंपनीची १९१६ सालची 'एसी' ही मालमोटार पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या हाती गेली. तिचे बसके नाक आणि चिवटपणा पाहून त्यांनी तिला 'बुलडॉग' म्हणावयास सुरुवात केली. भरीव रबराची चाके, साखळीने फिरणारा मागचा आस, आणि ठिणगीसाठी मॅग्नेटो. अशा गाडीत स्विचचे काम अगदी उलटे असे. बॅटरीच्या गाडीत स्विच मंडल तोडतो आणि इंजिन थांबते. मॅग्नेटोच्या गाडीत स्विच मंडल जोडतो, मॅग्नेटोची वीज गाडीच्या लोखंडात वळवून टाकतो आणि म्हणून इंजिन थांबते. तेव्हा स्विचची तार तुटली तर बॅटरीची गाडी बंद पडे, पण मॅग्नेटोची गाडी बंदच करता येत नसे! कोणता दोष पत्करावयाचा, वाटेत थांबण्याचा की थांबता न येण्याचा, हा प्रश्न यंत्रशास्त्रज्ञांना तेव्हापासून पडलेला आहे. त्याचे अंतिम उत्तर आजही मिळालेले नाही.

हँडलची सद्दी संपविण्याचे श्रेय चार्ल्स केटरिंग ह्या ओहायोतल्या यंत्रज्ञाला जाते. १९०८ च्या सुमारास बायरन कार्टर नावाचा मोटार-कारखानदार हँडलचा तडाखा बसून पुढे दगावला आणि त्याचे दुःख होऊन कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलंड ह्यांनी केटरिंगला गाठले, अशी कथा सांगतात. तिच्या तपशिलाविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. पण केटरिंगने काय केले ते स्पष्ट आहे. त्या काळचे जाणते म्हणत की मोटारीचे इंजिन फिरवू शकेल अशी विजेची मोटर इंजिनाएवढीच मोठी होईल. केटरिंग ह्यापूर्वी पैसे मोजण्याच्या यंत्रांच्या कंपनीत नोकरीस होता, आणि दुकानातील गल्ल्याचे यंत्र विजेवर चालविण्यासाठी त्याने एक लहान मोटर बनविली होती. गल्ल्याचा खण उघडण्याला क्षणभरच जोर लागतो. तेव्हा मोटर लहान असली आणि तिच्यावर क्षणभर भलताच भार टाकला, तरी ती जळण्याच्या आत काम उरकते. इंजिन सुरू करणे हेही क्षणभराचेच काम आहे, हे त्याने ओळखले. १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारी विजेच्या स्टार्टरसह बाजारात आल्या.

केटरिंगने १९०९ साली काढलेल्या कारखान्याच्या लांबलचक नावातील आद्याक्षरांवरून 'डेल्को' हे नाव बनले. बॅटरी, वेटोळे आणि ठराविक क्षणी उघडमीट करणारे पॉइंट ही त्याची ठिणगी पाडण्याची पद्धत पुढे साठ-पासष्ट वर्षे जगभर पेट्रोलच्या गाड्यांत राहिली. ह्या कारखान्याचे नाव भारतातील गॅरेजात असे काही मुरले की इंग्रजीचा गंध नसलेला मिस्त्रीदेखील ठिणगी वाटून देणाऱ्या त्या काळ्या टोपीच्या भागाला 'डेल्को'च म्हणतो, मग तो भाग कोणत्याही कारखान्याचा असो. तीच गोष्ट 'बेंडिक्स'ची. स्टार्टरचे लहान दातेरी चाक जड चाकाच्या दात्यांत घुसविणारी आणि इंजिन सुरू होताच ते मागे ओढून घेणारी युक्ती व्हिन्सेंट बेंडिक्सची. मिस्त्रीच्या तोंडी ते केवळ एका सुट्या भागाचे नाव आहे. 'सेल्फ मारणे' हा वाक्प्रचारही तसाच. इंग्रजी शब्दाचे शेपूट गळून पडले आणि डोके तेवढे राहिले.

मोटारीत स्टार्टर आला तरी त्याची कळ किल्लीशी जोडलेली नव्हती. ती पायाखाली गेली, आणि मालमोटारीत ती पायाखालीच दीर्घकाळ राहिली. ह्याला कारण होते. स्टार्टरला क्षणभर का होईना, शेकडो अँपियर प्रवाह लागतो. इतका प्रवाह समोरच्या फळीवरच्या नाजूक स्विचातून नेणे म्हणजे ओढ्याच्या पाटातून नदी वळविण्यासारखे आहे. त्यासाठी बोटाएवढी जाड तांब्याची तार, आणि तीही शक्य तितकी आखूड, अशीच हवी. म्हणून स्टार्टरच्या डोक्यावरच तांब्याचे जाड संपर्क बसवीत आणि चालक एका खटक्याने पायाने ते एकमेकांवर दाबीत असे. पुष्कळ गाड्यांत तोच खटका दातेरी चाकही पुढे ढकली. म्हणजे वीज आणि बळ दोन्ही एकाच पायाची. १९४७ साली निघालेल्या शेव्हरोलेच्या नव्या घडणीच्या मालमोटारींतही हा पायखटका होता. तो वेगपट्टीच्या इतका जवळ असे की उजव्या पावलाच्या एका भागाने खटका आणि दुसऱ्याने वेगपट्टी एकाच वेळी दाबता येई. थंडीत रुसलेल्या इंजिनाला किती पेट्रोल पाजावे आणि कुठे थांबावे हे पावलालाच समजे.

मग किल्ली कशासाठी होती? ती परवानगीपुरती होती, आणि ती परवानगीही सैल असे. १९२८ साली निघालेल्या फोर्डच्या 'ए' मोटारीत आणि तिच्या 'एए' ह्या मालमोटारीत कंपनीने स्विचपासून ठिणगीच्या यंत्रापर्यंतची तार पोलादी नळीत बंदिस्त केली होती, म्हणजे चोराने मधेच तार जोडून गाडी पळवू नये. परंतु ही जागरूकता सार्वत्रिक नव्हती. जनरल मोटर्सच्या गाड्यांत त्यानंतरही अनेक वर्षे असा स्विच होता की कुलूप न लावता किल्ली काढून घेता येई आणि मग स्विचचे कान नुसत्या बोटांनी फिरविले की ठिणगी चालू होई. मालकाला हे दुकान उघडे टाकल्यासारखे वाटत नसे. उलट वारंवार चढउतार करणाऱ्यास ती सोय वाटे. ज्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात तेथे घराला कडी घालतात, कुलूप नाही. जुना स्विच ह्या कडीच्या जातीचा होता.

दुसऱ्या महायुद्धाने तर किल्लीलाच रजा दिली. अमेरिकी सैन्याच्या विलिस जीपच्या आरंभीच्या गाड्यांत किल्ली होती, आणि ती सर्व गाड्यांना एकाच क्रमांकाची, हे विशेष. थोड्याच दिवसांत तिच्या जागी एक साधी चपटी दांडी आली. कारण उघड आहे. रणभूमीवर गाडी चोरीला जाण्यापेक्षा किल्ली मेलेल्या चालकाच्या खिशात राहून गाडी जागच्या जागी अडकणे हा धोका मोठा. कोणत्याही सैनिकाने कोणत्याही गाडीत उडी घेऊन दांडी फिरवावी, पायाने स्टार्टर दाबावा आणि निघावे, हे सूत्र ठरले. 'जीएमसी'च्या अडीच टनी, सहाही चाकांना जोर असलेल्या मालमोटारी युद्धकाळात पाच लाखांहून अधिक निघाल्या. त्यांपैकी अनेक आसामातील लेडोहून ब्रह्मदेशमार्गे चीनकडे जाणाऱ्या, १९४५ च्या जानेवारीत खुल्या झालेल्या रस्त्यावर धावल्या.

ह्याच वाटेने ही कथा भारतात उतरते. तशी ती त्यापूर्वीही आली होती. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे सुटे भाग जोडून गाड्या उभारण्याचा कारखाना काढला होता, आणि शेव्हरोलेच्या मालमोटारी तेथून देशभर जात होत्या. युद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा कित्येक गाड्यांच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या जडल्या, आणि किल्ली फिरविण्यापूर्वी अर्धा तास भट्टी फुंकण्याचे नवेच काम क्लीनरच्या वाट्याला आले. युद्ध संपल्यावर सैन्याने उरलेली वाहने विक्रीस काढली. त्यांना लोक 'डिस्पोजलच्या गाड्या' म्हणत. मालवाहतुकीच्या धंद्यात नव्याने शिरणाऱ्या अनेकांचे भांडवल म्हणजे अशी एखादी गाडी असे. रणांगणासाठी बनलेली ही किल्लीवाचून चालणारी गाडी आता कांद्याची पोती आणि उसाच्या मोळ्या वाहू लागली. मालकाने मग तिला किल्लीचा स्विच बसवून घ्यावा, अथवा बॅटरीची तार सोडून ठेवावी, किंवा क्लीनरला गाडीतच झोपवावे. तिसरा उपाय सर्वांत स्वस्त असल्याने तोच रूढ झाला.

अमेरिकेत १९४९ साली क्रायस्लर कंपनीने पुढचे पाऊल टाकले. तिच्या त्या वर्षीच्या मोटारींत किल्ली एका टप्प्यापर्यंत फिरविली की ठिणगी चालू होई आणि आणखी पुढे नेली की स्टार्टर फिरे. हात सोडला की किल्ली आपोआप मागच्या टप्प्यावर येई. मधल्या काळात सोलेनॉइड नावाचे साधन पुरेसे विश्वासाचे झाले होते, म्हणून हे शक्य झाले. हा एक विद्युच्चुंबक. किल्लीने त्याला किरकोळ प्रवाह द्यावयाचा आणि त्याने स्टार्टरपाशीच बसून जाड संपर्क जोडावयाचे. किल्ली आता स्वतः ओझे उचलत नव्हती, नुसता हुकूम सोडत होती. दिसण्यात फरक लहान, पण पायाचे काम गेले, हाताचे गेले, आणि परवानगी व कृती ही दोन वेगळी कामे प्रथमच एका धातूच्या तुकड्यात एकत्र आली. पुढे १९६९ पासून जनरल मोटर्सच्या मोटारींत किल्ली स्टिअरिंगच्या खांबावर गेली. किल्ली काढली की स्टिअरिंगही जखडले जाऊ लागले, आणि १९७० पासून असा बंदोबस्त अमेरिकी सरकारने नव्या मोटारींना सक्तीचा केला. हलक्या मालमोटारींना ती सक्ती लागू होण्यास आणखी तेरा वर्षे लागली. मालमोटार नेहमीप्रमाणे मागेच.

नेमक्या ह्याच काळात भारतातील मालमोटारीने मात्र भलतेच वळण घेतले. १९५३ साली जकात आयोगाने अशी शिफारस केली की ज्या कंपन्यांची देशातच वाहने बनविण्याची योजना आहे त्यांनाच वाव द्यावा. तेव्हा निव्वळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी, फोर्ड आणि जनरल मोटर्स ह्यांनी, काढता पाय घेतला. वालचंद हिराचंद ह्यांची प्रीमियर कंपनी कुर्ल्याला क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि फार्गो मालमोटारी बनवीत होतीच. १९५४ साली टेल्को कंपनीने जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला मालमोटारी काढावयास आरंभ केला, आणि १९५५ पासून मद्रासेत अशोक लेलंडचे नाव लागले. ह्या नव्या मालमोटारी डिझेलच्या होत्या. आणि डिझेलच्या इंजिनाला ठिणगीच लागत नाही!

रुडॉल्फ डीझेलचे इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालले. हवा इतकी दाबावयाची की ती आपोआप तापावी आणि तीत तेलाचा फवारा सोडताच भडका व्हावा, हे त्याचे तत्त्व. त्या वेळचे पेट्रोलचे इंजिन हवा सहासात पट दाबी. डिझेलचे सोळा ते वीस पट. म्हणून हँडलने ते फिरविणे पहिलवानाचेही काम नाही. पुष्कळ जड गाड्यांत दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्टचा स्टार्टर बसवावा लागला तो ह्यासाठीच. परंतु इंजिन एकदा सुरू झाले की विजेशी त्याचा संबंध संपला. बॉशने १९२७ पासून कारखान्यात बनविलेल्या घडणीचा तेलाचा पंप इंजिनाच्याच दात्यांवर फिरतो, तेल फवारतो, आणि इंजिन चालत राहते. मग किल्ली बंद केली तर काय होईल? दिव्याची लाल खूण विझेल, आणि इंजिन मात्र खुशाल चालत राहील. ते थांबवावयाचे तर तेल तोडावे लागते, आणि त्यासाठी समोरच्या फळीवर वेगळी मूठ असे. ती ओढून धरावयाची, इंजिन धापा टाकीत थांबले की सोडावयाची. पेट्रोलच्या गाडीवरून नव्याने डिझेलवर आलेला क्लीनर किल्ली खिशात घालून गाडीतून उतरे आणि मागे इंजिन धडधडतच राही, हा गॅरेजातला जुना विनोद आहे.

जर्मन मालमोटारींत आणि ट्रॅक्टरांत तर बॉशची जी किल्ली असे ती निव्वळ खिळ्यासारखी. तिला दाते नसत. ती भोकात दाबली की प्रवाह जोडला जाई, आणि एकच किल्ली असंख्य गाड्यांना चाले. तिला किल्ली म्हणणे हा शिष्टाचार झाला. डिझेलच्या मालमोटारीत किल्ली ही अशी पाहुणी होती. घरात तिला मान होता, पण स्वयंपाकघराच्या चाव्या तिच्याकडे नव्हत्या. बॅटरी पूर्ण उतरली तरी गाडी उतारावर लावून ठेवलेली असली की काम भागे: दुसऱ्या गिअरमध्ये घालून क्लच दाबून ठेवावयाचा, ब्रेक सोडावयाचा, गाडीने वेग घेतला की क्लच सोडावयाचा. घाटात रात्री मुक्काम करणारा चालक जेवणाआधी गाडीचे तोंड उताराकडे करून ठेवी तो ह्या हिशेबाने. चोरालाही अर्थात तेवढा उतार पुरे होई. ह्या व्यवस्थेत सुख नव्हते. हात काळे होत, पाठ धरे, पहाटे पाचला दव पडलेल्या गाडीला धक्का मारण्यास चौघांना उठवावे लागे. तिचे गोडवे गाणारे बहुधा धक्का मारणाऱ्यांपैकी नसतात. पण तिच्यात एक गुण होता, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. ठिणगी, इंधन, फेरा, थांबणे आणि परवानगी ही पाच कामे पाच जागी असल्याने एक बिघडले तर इतर चार त्याच्याबरोबर बुडत नसत.

हे म्हणणे केवळ कल्पनेतले नाही, ह्याचा पुरावा २०१४ साली अमेरिकेतच मिळाला. तोवर किल्लीच्या स्विचवर जुन्या कामांखेरीज कितीतरी नवी कामे येऊन पडली होती. स्टिअरिंग हलके करणारी मदत, ब्रेकला मिळणारा जोर, आणि अपघातात छातीपुढे फुगणारी हवेची पिशवी, ही सारी किल्ली चालू असण्यावर अवलंबून होती. जनरल मोटर्सच्या कोबाल्ट, आयन आणि आणखी काही मोटारींत बसविलेल्या स्विचमधील एक स्प्रिंगचा खटका ठरवून दिलेल्या जोरापेक्षा कमी जोराचा होता. किल्लीला जड जुडगा अडकविलेला असला, रस्त्यात खाच आली किंवा गुडघा लागला, तर किल्ली चालू टप्प्यावरून आपोआप मागे घसरे. धावत्या गाडीचे इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई, आणि पुढे टक्कर झाली तर हवेची पिशवी फुगतच नसे. कंपनीतल्या काही तंत्रज्ञांना हा दोष कित्येक वर्षे आधी दिसला होता. पुढे तो भाग गुपचूप सुधारलाही गेला, पण त्याचा क्रमांक तोच ठेवला. त्यामुळे अपघातांचा तपास करणाऱ्यांना जुना स्विच आणि नवा स्विच वेगळे आहेत हेच दीर्घकाळ कळले नाही. अखेर २०१४ साली ह्या दोषासाठी सुमारे २६ लाख मोटारी परत बोलाविण्यात आल्या, आणि नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. स्विच पुरविणारी डेल्फी कंपनी १९९९ साली जनरल मोटर्सच्याच सुट्या भागांच्या शाखेतून वेगळी झाली होती. तिच्या वंशावळीत मागे गेले तर केटरिंगची डेल्को भेटते.

हँडलने मनगट मोडत होते तेव्हा चूक कुणाची हे ज्याचे मनगट त्यालाच कळत होते. दांडी वर सारली नव्हती, एवढीच ती चूक. कोबाल्टच्या चालकाने मात्र काहीच चुकविलेले नव्हते. त्याने किल्ली फिरविली होती, आणि किल्लीच्या आत कोणती कामे आहेत हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

भारतातील मालमोटारीतही किल्लीचे पाहुणेपण आता संपले आहे. तेल तोडणारी मूठ आधी गेली. तिच्या जागी विजेवर चालणारी झडप आली आणि किल्ली बंद केली की डिझेलचे इंजिनही थांबू लागले. नंतर धुराविषयीचे नियम कडक झाले. भारत स्टेज चार हे मान २०१७ च्या एप्रिलपासून आणि सहा हे मान २०२० च्या एप्रिलपासून देशभर लागू झाले. ते पाळावयाचे तर तेलाचा फवारा किती, केव्हा आणि किती वेळा सोडावा हे क्षणाक्षणाला मोजून ठरवावे लागते. आणि ते काम दात्यांवरच्या पंपाला जमण्यासारखे नाही, ते विद्युत् गणकाकडे गेले. चिमणीतून काळा लोट सोडणाऱ्या जुन्या गाडीमागे ज्याने घाट चढला आहे तो ह्या बदलाला नावे ठेवणार नाही. किल्ली फिरविली की आधी हा गणक जागा होतो, आपले हातपाय तपासतो, आणि मग इंजिनाला फिरण्याची मुभा देतो. कित्येक मोटारींत तर किल्लीचे धातूचे पातेही गेले. खिशातील डबीने लहरींवाटे ओळख पटवावयाची आणि चालकाने एक कळ दाबावयाची, एवढेच उरले. मालमोटारीतही ती कळ हळूहळू येत आहे.

अशा गाडीची बॅटरी पूर्ण उतरली तर उताराचा काही उपयोग होत नाही. गाडी घरंगळेल, चाके इंजिनाला फिरवतील, पण गणक झोपलेला असल्याने तेलाचा एक थेंबही आत जाणार नाही. तरीही धाब्यावर थांबताना जुन्या सवयीचा एखादा चालक नव्या गाडीचे तोंड उताराकडे करूनच ती लावतो, मागच्या चाकाखाली दगड ठेवावयास क्लीनरला सांगतो, आणि मगच हात धुवावयास जातो.